रानराजम्यापुढे भुंगेरा हरतो

चवळीचा डबा बऱ्याच दिवसांनी उघडला, की दाण्यांवर पांढरे ठिपके दिसतात. ती भुंगेऱ्याची अंडी. अळी अंड्याखालूनच थेट दाण्यात शिरते, आत बसून खाते आणि गोल भोक पाडून बाहेर येतो तो पुरता वाढलेला भुंगेरा. कोंबासाठी झाडाने साठवलेलं स्टार्च आणि प्रथिनं तोवर फस्त झालेली असतात.

पण याच साठ्यातली काही प्रथिनं भुंगेऱ्याला बाधतात. मेक्सिकोतल्या रानटी राजम्याच्या काही दाण्यांत अळ्या तग धरत नाहीत, असं १९८०च्या दशकात दिसून आलं. त्यामागचं प्रथिन म्हणजे आर्सेलिन. नाव पडलं तिथल्या आर्सेलिया गावावरून. आपण पिकवतो त्या राजम्यात ते नसतं. ज्या दाण्यात आर्सेलिन भरपूर, तिथे नेहमीचं साठवणीचं प्रथिन, फॅसिओलिन, कमी भरतं. अळीला आर्सेलिन धड पचत नाही, वर तिच्या आतड्याच्या अस्तरालाही इजा होते. अर्थात ही मात्रा सगळ्यांना लागू पडत नाही. राजम्याचा मेक्सिकन भुंगेरा हरतो, पण राजम्यावरच जगणारा त्याचा एक भाऊबंद आर्सेलिनच्या काही प्रकारांना दाद देत नाही.

कच्चा राजमा माणसालाही सोसत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. त्यातलं लेक्टिन आर्सेलिनच्याच कुळातलं. म्हणून राजमा रात्रभर भिजवायचा, पाणी ओतून द्यायचं आणि चांगला खळखळून उकळायचा. नुसता कोमट शिजवून भागत नाही.

याच कुळातलं तिसरं प्रथिन अळीला स्टार्च पचू देत नाही. त्याचं जनुक ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेने राजम्यातून वाटाण्यात घातलं. वाटाण्याचा भुंगेरा जेरीस आला. पण २००५मध्ये हा वाटाणा खाल्लेल्या उंदरांमध्ये अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया आढळली आणि काम थांबलं. पुढे २०१३मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की साध्या राजम्यातल्या मूळ प्रथिनालाही उंदीर तसाच प्रतिसाद देतात. वाटाणा मात्र बाजारात आला नाही. तो निर्णय मला घाईचा वाटतो. पण खाण्याच्या वस्तूत घाईने मागे फिरणं एक वेळ परवडतं.

आर्सेलिनची वाट सोपी होती. रानटी राजमा आणि शेतातला राजमा एकाच जातीचे, त्यामुळे साधा संकर पुरला. कोलंबियातल्या काली शहराजवळच्या 'सियात' या संशोधन केंद्राने अशी वाणं तयार केलीही.