गिऱ्हाईक पुन्हा का येईल?



१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. मीही इंदुरात कर्ज काढून एक थाटला. मोबाइलवर इंटरनेट आले आणि खुर्च्या ओस पडल्या. कर्ज तेवढे उरले.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा उरलेल्या एका संगणकावर शेजारच्या दुकानदारांची विवरणपत्रे भरून देऊ लागलो. त्यावर कर्ज फिटले. कॅफेतल्या गिऱ्हाइकाची गरज त्याच्या खिशातच भागू लागली होती. विवरणपत्राची मुदत मात्र दुकानदाराला पुन्हा पुन्हा माझ्याकडे आणते.

पालकहो, मुलाने संगणकाचा धंदा काढायचे म्हटले, तर भांडवलाआधी त्याला एवढेच विचारा: आज आलेले गिऱ्हाईक पुन्हा का येईल?