मोड आणण्याची शिस्त

झाशीहून बोलतोय. आजचा विषय घरगुती आहे. कडधान्याला मोड कसे आणायचे? "यात काय शिकायचं, आमच्या आजीलाही येत होतं," असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण आजी पुण्यात किंवा कोकणात मोड आणत होती. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या रात्री पाच-सहा अंशांवर उतरतो. एकच पद्धत बारा महिने चालवली, तर उन्हाळ्यात मटकीला वास येतो आणि थंडीत मोड तीन-तीन दिवस दिसत नाहीत.

आधी मोडांची किंमत सांगतो. फौजेतल्या माणसाला ती कुत-अल-अमाराच्या वेढ्यावरून कळते. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, आपली सहावी म्हणजे पूना डिव्हिजन आजच्या इराकमधल्या या गावात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी आणि फळं जवळजवळ मिळत नव्हती. आपल्या जवानांना स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, जखमा भरायच्या नाहीत. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं, की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारा घटक जवळजवळ नसतो, पण भिजवून मोड आणले की तो दाण्यातच तयार होतो. त्यालाच आज आपण क जीवनसत्त्व म्हणतो. यात एक अट आहे. दाणा अख्खा हवा. डाळ भरडताना कोंब तुटतो, म्हणून डाळीला मोड येत नाहीत.

आता कृती. मूग, मटकी किंवा देशी हरभरा घ्या. मटकी इथल्या सदर बाजारात 'मोठ' या नावाने मागावी लागते. निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घाला. मुगा-मटकीला आठ तास पुरतात, हरभऱ्याला दहा-बारा. मग पाणी पूर्ण काढून टाका आणि दाणे चाळणीत दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. बहुतेकांची चूक इथेच होते. भिजलेला दाणा श्वास घेत असतो. तळाशी पाणी साचलं की त्याला हवा मिळत नाही, तो गुदमरतो आणि सडतो. ओलावा हवा, डबकं नको.

दाणे स्वच्छ ओल्या फडक्यात बांधा, पण पुरचुंडी सैल ठेवा. मोड येताना दाण्यांतून उष्णता निघते. घट्ट गाठोड्याच्या मधोमध हात घालून पाहा, गरम लागेल. म्हणून एका वेळी किलोभर बांधू नका. घरात चार माणसं असतील तर दोन वाट्या पुष्कळ झाल्या. सात-आठ तासांनी एकदा पिण्याच्या पाण्याने धुऊन पुन्हा निथळा. शेवटी जे दाणे टणक राहतात, ते गणंग. ते वेचून काढा, नाहीतर दाताखाली येतील.

उन्हाळ्यात भिजवण्याचा वेळ पाच-सहा तासांवर आणा आणि माठातलं पाणी वापरा. पुरचुंडी चाळणीत घालून माठाशेजारी, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा आणि दर चार तासांनी धुवा. दहा-बारा तासांत कोंब डोकावतात. अर्ध्या सेंटिमीटरचे झाले की थांबा आणि फ्रिजमध्ये टाका. लांबलचक शेपटीचा हट्ट या दिवसांत धरू नका.

थंडीत कोमट पाण्यात बारा तास भिजवा. निथळून जाड बुडाच्या भांड्यात घाला, झाकण किंचित उघडं ठेवा आणि भांडं जुन्या रजईत गुंडाळा. मुगाला दीड दिवस लागेल, हरभऱ्याला दोन. धीर धरा. उन्हात ठेवून घाई करू नका, वरचे दाणे सुकतात.

तीन गोष्टींना मनाई आहे. पहिली, पेरणीसाठी विकलेलं बियाणं. बुंदेलखंडात शेतकऱ्याच्या घरी मुगाची, हरभऱ्याची पिशवी उरलेली असते. त्या दाण्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी किंवा हिरवा रंगही असतो. ते धुऊनसुद्धा खाऊ नका. दुसरी, कच्चा राजमा. त्यात विषारी द्रव्य असतं आणि मोड आल्याने ते पुरतं जात नाही. राजमा भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळूनच खायचा. तिसरी, आंबूस वास आलेले, चिकट झालेले मोड. ते धुऊन वाचवायचे नाहीत, सरळ टाकायचे.

आता मुद्द्याचं बोलतो. हल्ली डॉक्टरने फिरायला सांगितलेली साठीची मंडळी सकाळी वाटीभर कच्चे मोड खातात. मोडाला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. अनुकूल स्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. जंतू दाण्याच्या सालीच्या भेगेतही असू शकतात, त्यामुळे नुसतं धुऊन भागत नाही. २०११ साली जर्मनीत अशीच साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. तपासात बोट मेथीच्या मोडांकडे वळलं. देश प्रगत, स्वच्छता उत्तम, तरी हे घडलं. म्हणून वयस्कर माणसं, लहान मुलं, गर्भवती आणि दुखण्यातून उठलेले यांनी कच्चे मोड खाऊच नयेत.

मग काय करायचं? आपली उसळ करायची. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरं आहेत. आपल्या पंगतीत मोड आले ते फोडणी घेऊन, वाफ खाऊन. तेच शहाणपणाचं आहे. झाकण ठेवून मुगाला आठ-दहा मिनिटं वाफ द्या, सगळीकडून वाफाळू द्या. उष्णतेने क जीवनसत्त्व थोडं जातं, हे मान्य. ताटात वाढल्यावर वर लिंबू पिळा. भरपाई होते आणि लोहही अंगी लागतं.

एक गैरसमजही काढून टाकू. मोड आले की प्रथिनं कित्येक पट वाढतात, असं सांगितलं जातं. १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, तर १०० ग्रॅम लांब मोडांत साधारण तीन ग्रॅम, कारण त्यात नव्वद टक्के पाणी आहे. प्रथिनं वाढत नाहीत. पोटात वायू करणारी साखर कमी होते, खनिजं शोषली जायला अडथळा करणारं द्रव्य घटतं आणि क जीवनसत्त्व नव्याने मिळतं. एवढा फायदा पुष्कळ आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

आज रात्री दोन मुठी मूग भिजत घाला. सकाळी निथळा, संध्याकाळी बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची वाटी गॅसवरून वाफ निघाल्यावरच भरा.