पांढरीचे टेकाड

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीच्या प्राचीन वंशावळीविषयी मी बोलावे, अशी चिटणिसांची इच्छा होती. परंतु तो माझा अधिकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत मजल गेलेला मी खेड्यातील शिक्षक; म्हणून वंशावळीऐवजी मातीविषयी चार शब्द बोलतो.

पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपणांस ठाऊक आहेच. पिढ्यान्‌पिढ्या भिंती ढासळून व चुलींची राख साचून जी जागा उंचावते, ते पांढरीचे टेकाड. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेव्हा तांबूस अंगावर काळी नक्षी असलेली, वाजविल्यास धातूसारखी खणखणणारी मडकी निघाली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या संस्कृतीस विद्वान आज जोर्वे याच नावाने ओळखतात. पुढे घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी शंभरांहून अधिक घरे उजेडात आणली.

आता माझा अपराध सांगतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शाळेच्या अंगणात भर घालण्यासाठी मीच गावच्या टेकाडाची माती गाड्यांनी आणविली. खणताना तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण लागले. धन असेल या आशेने आम्ही ते फोडले. आत लहानशी हाडे होती. ती ओढ्यात टाकून आम्ही कामास लागलो. नेवासे येथील उत्खननाची हकीकत पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आली, तेव्हा उमगले की त्या काळी मृत बालकास असेच दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरीत. कोणा मातेने उराशी धरावे तसे जवळ ठेवलेले लेकरू मी ओढ्यात टाकविले होते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

दाइमाबादची गोष्ट याहून मोठी. १९७४ साली तेथे झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्यास धातूच्या चार मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला सुमारे दीड फूट लांबीचा रथ, सारथ्यासह. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक! मात्र त्या जाणत्यांच्या डोळ्यांदेखत थरातून निघाल्या नाहीत, आणि त्यांच्या काळाविषयी मतभेद राहिले. वस्तू हाती आली तरी तिचा थर मोडला की निम्मी साक्ष गेली.

म्हणून माझी विनंती एवढीच, की कोणी कुदळ उचलू नये. पहिल्या पावसाने नांगरट धुऊन निघाली की पेरणीपूर्वी चौघांनी ओळीने शेतातून चालावे. खापर, मणी, गारगोटीची पाती दिसल्यास शेताचे नाव व जागा वहीत लिहावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे.

खापरावर ज्ञातीचे नाव नसते. त्यामुळे आपल्या इतिहासमंडळाची थोडी गैरसोय होईल. तिला माझा इलाज नाही. आमच्या टेकाडाचा उत्तरेकडील भाग अद्याप शिल्लक आहे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी तेथे जाणार आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सकाळी सातला शाळेपाशी यावे. वही मी आणीन.