घरचा संगणक आणि तंबोऱ्याचा गंधार



ध्वनिमुद्रण म्हटले की जाड भिंतींची बंद खोली, काचेआड बसलेले तंत्रज्ञ आणि तासावारी भाडे, हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज ही सारी यंत्रशाळा मेजावरच्या संगणकात सामावली आहे. १९८३ साली वाद्ये व संगणक यांना जोडणारा ‘मिडी’ हा सामाईक संकेत रूढ झाला. २००० साली ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध झाली. गायकाचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून अंकांत साठवावयाचा, प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा ठेवावयाचा आणि शेवटी सर्वांचे मिश्रण करावयाचे, हे काम आता घरबसल्या होऊ शकते. खेड्यातल्या कलावंताचेही दार यामुळे उघडले. या सोयीचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि यंत्र घरात येते ते आपली गृहीते बरोबर घेऊन. बहुतेक आज्ञावली उघडताच मिनिटाला १२० ठोक्यांची लय, चार-चार ठोक्यांचे खंड आणि सप्तकाचे बारा समान भाग आपल्यापुढे मांडून ठेवतात. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला ही चौकट सोयीची असते. आपल्या रागसंगीताला ती कोठे काचते, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, एक मुलगी तंबोऱ्यावर भूप गाते आहे. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. त्याची कंपनसंख्या खर्जाच्या पाचपट असते आणि म्हणूनच त्याला स्वयंभू म्हणतात. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर त्यातील एका भागाला सेंट म्हणतात. तंबोऱ्याचा गंधार आपल्या षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर येतो, तर बारा समान भागांतला गंधार ४०० सेंटांवर, म्हणजे सुमारे १४ सेंट चढा. मुलगी तंबोऱ्याशी तंतोतंत मिळून गायिली, तरी १९९७ साली आलेल्या ‘ऑटो-ट्यून’सारखी आज्ञावली, तिची मूळची मांडणी न बदलता कडकपणे वापरल्यास, तो गंधार वर ओढते आणि अखंड मींडेच्या पायऱ्या करून टाकते.

मिश्रणातही असाच धोका आहे. गोंगाट पुसणाऱ्या सोयीला गाण्यापूर्वीचा तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो. त्या तुकड्यात तंबोरा वाजत असेल, तर यंत्र तंबोऱ्यालाच गोंगाट समजते. आवाजाची चढउतार फार दाबली, तर हळुवार स्वर आणि तार षड्जाची हाक एकाच मापाची होतात.

हा प्रश्न आपल्याला सर्वस्वी नवा नाही. पेटीचे स्वर ठाम असतात व त्यांतून मींड निघत नाही, असे आक्षेप होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. त्या काळात मैफलींतून पेटी वाजतच राहिली. संगणकाबाबत बंदीची भाषा निरर्थक आहे, आणि तिची गरजही नाही. पेटीचा सूर हलवावयाचा तर कारागिराला कानस घ्यावी लागते. संगणकात स्वरांची जागा बदलता येते, लयीची चौकट बंद करता येते, स्वरसुधारणा वगळता येते. फक्त हे करावयाचे असते, हे ठाऊक हवे.

काळजी आहे ती ऐकणाऱ्या लहान मुलांची. चढा गंधारच रोज कानी पडला, तर तोच त्यांना खरा वाटू लागेल आणि तंबोरा बेसूर भासेल. म्हणून घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुणांना माझी एवढीच विनंती आहे : तंबोऱ्याचा ट्रॅक वेगळा घ्या, मिश्रण करताना तो शेवटपर्यंत चालू ठेवा, आणि पडद्यावरची रेघ काही सांगत असली तरी आधी डोळे मिटून गंधार ऐका.