कारखान्याला गेट मीटिंग, कॅम्पसला काय?

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ‘गेट मीटिंग’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पाळी सुटते, फाटकाशी युनियनचा झेंडा लागतो, पुढारी स्टुलावर चढतो. जेवणाचा डबा काखेत धरून कामगार ऐकतात. रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी उभी असते. बोलणे संपते आणि पुढची पाळी आत जाते. भोसरीपासून चाकणपर्यंत कामगारांच्या दोन पिढ्या हे बघत आल्या. आज त्यांचीच मुले निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयांत शिकतात. फीवाढीविरुद्ध चार शब्द बोलायचे तर कुठे उभे राहायचे, हे त्या मुलांना कुणीच सांगत नाही.

कारखान्यातली ही शिस्त आपोआप आली नाही. १९७१ मध्ये महाराष्ट्राने कामगार संघटनांच्या मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टांत दोन्ही बाजूंच्या चुका लिहिल्या आहेत. अधिकाऱ्यांना घेराव घालणे ही संघटनेची अनुचित प्रथा. युनियनमध्ये गेलास तर कामावरून काढू, अशी धमकी देणे ही मालकाची. मान्यताप्राप्त संघटनेला कारखान्याच्या आवारात सूचनाफलक लावण्याचा हक्क मिळाला, संपासाठी १४ दिवसांची नोटीस आली, तक्रारीला औद्योगिक न्यायालय मिळाले. कायद्याने सगळे तंटे मिटले असे नव्हे. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांचे शनिवारवाड्यावरचे उपोषण पोलिसांनी मोडून काढले, ते शहर विसरलेले नाही. तरी दाद कुठे मागायची, हे कामगाराला ठाऊक होते.

विद्यार्थ्यांकडे असे काय आहे? महाविद्यालयीन निवडणुका हिंसाचाराचे कारण देऊन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची वाट पुन्हा मोकळी केली. २०१९ मध्ये त्या जाहीर झाल्या आणि लांबणीवरही पडल्या. निवडून आलेला प्रतिनिधी नाही, म्हणजे प्राचार्यांनी बोलायचे तरी कुणाशी? मग गाऱ्हाणे थेट घोषणेत उतरते आणि घोषणा थेट पोलीस चौकीत जाते.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये नेमके हेच घडले. गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदाविरुद्ध १२ जून २०१५ला संप सुरू झाला. ऑगस्टमध्ये २००८च्या तुकडीचे अपुरे चित्रपट आहेत त्याच अवस्थेत तपासण्याचा निर्णय झाला. चिडलेल्या विद्यार्थ्यांनी संचालकांना त्यांच्याच कार्यालयात कित्येक तास अडवून ठेवले. हे चूकच होते. माणसाला खोलीत कोंडून चर्चा होत नाही. पण त्यावर मध्यरात्री पोलीस आवारात शिरले आणि त्यांनी पाच विद्यार्थ्यांना अटक केली, हेही तितकेच चूक. पळून जाणारे कुणी नव्हते. सकाळी बोलावून जबाब घेता आला असता. पाचही जणांना त्याच दिवशी जामीन मिळाला. संप १३९ दिवस चालला.

घेराव आणि नाटक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या कलाकारांवरचे एक नाटक सुरू होते. काहींनी ते बंद पाडले. अटक मात्र झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. नाटक पटले नाही तर उठून जाण्याची, निषेध करण्याची मुभा प्रत्येकाला आहे. प्रयोग चालू राहील हे पाहणे ही सुव्यवस्था राखणाऱ्यांची पहिली जबाबदारी होती.

मे २०२५ मध्ये तर प्रकरण एका समाजमाध्यमावरच्या मजकुराचे होते. पुण्यातल्या १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने तो काढून टाकला, माफीही मागितली. तरी महाविद्यालयाने नाव कमी केले आणि पोलिसांनी अटक केली. मुंबई उच्च न्यायालयाने महाविद्यालय आणि सरकार दोघांनाही खडसावले, निष्कासन स्थगित केले आणि तिची सुटका करून तिला परीक्षेला बसू दिले.

शाळा-कॉलेजांत शांतता हवीच. प्रयोगशाळेला टाळे ठोकणे, परीक्षा उधळणे, दगड उचलणे याला अभिव्यक्ती म्हणता येणार नाही. चाकणने ३० जुलै २०१८ला जळालेल्या बसगाड्या पाहिल्या आहेत; तिथल्या माणसाला सुव्यवस्थेचे मोल शिकवायला नको. परंतु नियमन करणे वेगळे आणि मनाला येईल तेव्हा परवानगी नाकारणे वेगळे. १९७२ मध्ये हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. रस्त्यावरच्या सभांची वेळ, जागा, वाहतूक यांचे नियम करता येतील. पोलीस आयुक्तांना सभा नाकारण्याचा बेलगाम अधिकार देणारा नियम मात्र टिकणार नाही. हा नियम मुंबई पोलीस अधिनियमाखालचा होता, आणि तोच अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो.

हे वाचणाऱ्यांत पालक पुष्कळ असतील. येत्या जूनमध्ये प्रवेशासाठी जाल तेव्हा प्लेसमेंटचे आकडे विचाराच, पण त्याच खिडकीवर आणखी तीन गोष्टी विचारा: विद्यार्थ्यांनी जमून बोलायची जागा कोणती, त्यांचे निवेदन किती दिवसांत ऐकले जाते, आणि पोलिसांना आत बोलावण्याचा निर्णय कोण घेते. उत्तर लेखी मागा.