मिस्त्री घरी येण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं हे बोलणं. तेव्हा घाईत सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



धान निघालं. चुकारे हातात पडले की गावागावांत घराची कामं निघतील. मागच्या दोन महिन्यांत मी ज्या गटांच्या बैठकांना बसले, तिथे कर्जाच्या मागणीत 'घरदुरुस्ती' हा शब्द वारंवार ऐकला. कुणाची मागची भिंत बसली, कुणाच्या बल्ल्यांना उधई लागली, कुणाला सून यायच्या आधी एक खोली वाढवायची आहे. म्हणून आज मी कर्जफेडीवर बोलणार नाही. कर्ज घेतल्यावर ते मिस्त्रीच्या हातात कसं द्यायचं, यावर बोलते.

आधी आमच्याच घरचं सांगते. हे सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण तेव्हा मी नागपूरला समाजकार्याचं शिकत होते आणि गावात सगळे म्हणायचे, हिला सगळं समजते.

आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. मागच्या दोन खोल्या पाडून विटांच्या करायच्या ठरल्या. मजुरी एक लाख चाळीस हजार. आईने त्यातले तीस हजार गटातून उचलले होते. मिस्त्री ओळखीचाच, मामाच्या गावचा. मे महिन्यात त्याने कवेलू उतरवले, मागची भिंत पाडली, पाया खोदला आणि "दोन दिवसांनी येतो" म्हणून गेला. मृग लागला तरी आला नाही. एका रात्री वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि धानाची सात पोती भिजली. आईने त्या पावसाळ्यात तीन महिने सपरीत चूल मांडली. गटाचा हप्ता मात्र एकदाही चुकवला नाही.

मी घरी आले आणि पहिला प्रश्न विचारला, "कागद कुठे आहे?" कागद नव्हताच. आई म्हणे साठ हजार दिले, मिस्त्री म्हणे पंचेचाळीस. मधले पंधरा हजार आईने बाजाराच्या दिवशी, भाजीच्या दुकानासमोर, त्याच्या हातात दिले होते. पाहणारं कुणी नव्हतं. ते पंधरा हजार गेले ते गेलेच.

तो माणूस चोर होता असं मला आजही वाटत नाही. त्याने एकाच वेळी तीन घरांची कामं धरली होती. आमच्या पैशाने दुसऱ्याची सेंट्रिंग लावली आणि तिसऱ्याच्या पैशाने आमचं काम करणार होता. आपल्याकडे बरेच मिस्त्री असेच चालतात, कारण त्यांच्याही हातात भांडवल नसते. पण त्यांची ती अडचण आपल्या घराच्या छपरावर का निघावी?

आता मला सांगा. आपल्या गटात शंभर रुपयांची बचत आली तरी आपण रजिस्टरला लिहितो, पासबुकात लिहितो, सगळ्यांसमोर मोजतो. एखादी बाई बैठकीला आली नाही तर तिचीही नोंद होते. आणि त्याच गटातून काढलेले तीस हजार आपण कुंपणाजवळ उभं राहून, न लिहिता, न मोजता देऊन टाकतो. काहून? एका मावशीने मला उत्तर दिलं, "बाई, कागद मागितला तं तो म्हणेल माह्यावर भरोसा नाही का?" अहो, गटात आपला एकमेकींवर भरोसा नाही म्हणून आपण लिहितो का? भरोसा टिकावा म्हणून लिहितो.

आणि शासनाकडे पाहा. पंतप्रधान आवास योजनेचं घरकुल २०१६ पासून सुरू आहे. घर स्वयंपाकघर धरून किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि सपाट भागात मदत एक लाख वीस हजार. ते कधी एकदम मिळतात का? एवढं काम झालं, फोटो काढला, मग पुढचा हप्ता. आपण त्या फोटोवाल्याची वाट पाहून कंटाळतो, पण पद्धत बरोबर आहे. आपणही मिस्त्रीला तसेच पैसे द्यावेत. समजा मजुरी एक लाख ठरली. काम सुरू होताना दहा हजार. जोता भरला की पंचवीस. छज्जापर्यंत भिंती आल्या की पंचवीस. स्लॅब पडला की वीस. प्लास्टरनंतर दहा. उरलेले दहा हजार सगळं संपल्यावर, नळ सोडून, स्लॅबवर पाणी थांबवून, दारं-खिडक्या उघडझाप करून पाहिल्यावर. आकडे तुमच्या घरापुरते बदला, पण झालेल्या कामापेक्षा दिलेला पैसा जास्त होऊ देऊ नका. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

बायकांना यातलं काय समजते, असं म्हणणारे घरात निघतील. त्यांना लातूरची गोष्ट सांगा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथली घरं जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचा जड थर. तेच अंगावर आलं. पार पडलेली गावं नव्याने बांधली, पण त्याहून कितीतरी गावांत घरं उभी होती, फक्त भेगाळली होती. तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. घरमालकाने स्वतः मिस्त्री लावायचा, पैसे टप्प्याटप्प्याने, सरकारी इंजिनियर सांगणार. पण लोकांचा जुन्या भिंतींवर विश्वास उरला नव्हता आणि इंजिनियरची भाषा कुणाला कळत नव्हती. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून गावातल्याच बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारा लांब दगड कुठे घालायचा, छतावरचं ओझं का कमी करायचं, हे त्या आधी शिकल्या. मग घरोघर सांगितलं आणि मिस्त्री तसं करतो की नाही ते पाहिलं. त्यातल्या कितीतरी जणी त्याआधी कधी घराबाहेरच्या सभेला बसल्या नव्हत्या.

आपल्याकडे भूकंपाचं तेवढं भय नाही. आपल्याकडे पाणी आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा कुणाच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं, हे त्या घरच्या बाईला विचारा. ती भिंतीवर बोट ठेवून दाखवते. नदीकाठच्या गावात नवा जोता त्या बोटाच्या वर जायला पाहिजे. हे मिस्त्रीला कुणी सांगायचं? तो बाहेरगावचा असेल तर त्याला माहीतच नसते.

तर काम काढायच्या आधी एक दिवस वही घेऊन घरात फिरा. कुठे ओल येते, कुठे अंधार आहे, चुलीचा धूर कुठे साचतो, धानाची पोती कुठे राहतील, न्हाणीचं दार रस्त्याकडे तर होत नाही ना. ओट्याची उंची तुमच्या कोपरापेक्षा चार बोटं खाली असू द्या. एका घरी मिस्त्रीने स्वतःच्या उंचीने ओटा बांधला, आता ती वहिनी पाटावर उभी राहून भाकरी थापते. सासूबाईंना विचारा, पोरीलाही विचारा. भिंत उभी झाल्यावर सांगितलं तर ती तोडायचे पैसे वेगळे लागतात.

सगळं पाडायलाच पाहिजे असं नाही, हे माझं मत आहे. सगळ्यांना स्लॅब पाहिजे, मला समजते. पण आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली बसून पाहा आणि मातीच्या खोलीत बसून पाहा. भिंत धड असेल तर समोरची खोली, सपरी राहू द्या, उधईच्या बल्ल्या बदला, कवेलू फेरा आणि पैसा मागच्या खोलीत, संडास-न्हाणीत घाला. एक गोष्ट मात्र कधी करू देऊ नका. मातीच्या भिंतीवर स्लॅब. कुणी कितीही म्हणो, "काही होत नाही जी." ती भिंत ते वजन धरत नाही. स्लॅबला कॉलम किंवा पक्की विटांची भिंत पाहिजे, खाली पक्का पाया पाहिजे.

आता मोजमाप. भांडण सगळ्यात जास्त इथेच होते. चौरस फुटाने ठेका दिला तर फूट आतून मोजायचे की बाहेरून, हे आधी लिहा. समजा खोली आतून बारा बाय दहा आहे. एकशे वीस चौरस फूट. भिंत नऊ इंची असेल तर बाहेरून ती साडेतेरा बाय साडेअकरा होते, म्हणजे एकशे पंचावन्न. पस्तीस फुटांचा फरक. मजुरी दोनशे पन्नास रुपये फूट ठरली असेल तर एका खोलीत आठ हजारांच्या वर. दोघंही खरं बोलत असतात, फक्त टेप वेगळ्या जागी धरलेला असतो. छज्जा, पायऱ्या, टाकी, संडासचा खड्डा त्यात धरला की वेगळा, तेही लिहा. सेंट्रिंगचं भाडं कुणाचं, पाण्याचा टँकर कुणाचा, विटा आणि रेती अंगणातून आत कोण वाहणार. रोजीने काम असेल तर हजेरी रोज संध्याकाळी लिहायची, आठवड्याने आठवून नाही.

दोन-तीन मिस्त्रींना विचारा. त्यांचं मागच्या वर्षीचं काम पाहायला जा आणि त्या घरच्या बाईशी एकटीशी बोला. पाऊस पडल्यावर स्लॅब गळला का, शेवटचं काम पूर्ण करायला किती चकरा माराव्या लागल्या. सगळ्यात स्वस्त सांगणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. सिमेंटच्या पोत्यावर महिना आणि वर्ष पाहा, तीन महिन्यांच्या वरचं घेऊ नका, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. विटा लावायच्या आधी भिजवा. रेतीचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट; ट्रॅक्टरची ट्रॉली लांबी-रुंदी-उंची मोजून घ्या, चालकाच्या तोंडून नाही. घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत रेती मोफत मिळायची सोय आहे, त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत विचारा.

आणि पाणी. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी त्यावर धानाच्या बांधीसारखे लहान लहान वाफे करून पाणी भरून ठेवायचं, दहा-चौदा दिवस. भिंतींवरही सकाळ-संध्याकाळ पाणी. हे काम मिस्त्रीच्या भरवशावर सोडू नका. म्हणूनच मे महिन्यात स्लॅब नको म्हणते. विहिरीला पाणी नसते आणि मृग दारात असतो. दिवाळी ते होळी हा आपला काळ.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आपल्याच गटांमध्ये कितीतरी जणी रेजा म्हणून कामाला जातात. विटांच्या जोडाईला एका घमेल्याला सहा घमेली रेती, प्लास्टरला चार, हे त्या रोज करतात. मिस्त्री सिमेंट मारतो तेव्हा घमेल्यात काय पडते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. पण त्यांना कुणी विचारत नाही. मागच्या सभेत मी विचारलं तेव्हा एक रेजा काकू उठून म्हणाल्या, "आमाले मालूम असते, पण बोललो तं रोजी जाते." दुसऱ्याच्या कामावर त्यांनी गप्प राहणं मी समजू शकते. आपल्या मैत्रिणीच्या घरी त्यांनी यावं, टेप धरावा, मसाला पाहावा. लातूरच्या बायकांनी केलं ते हेच. (आणि ज्या काकूंनी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलं आहे त्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली का? त्याचे कागद मी बैठकीत सांगते.)

शेवटी घराचं नाव. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुम्ही भरता, मग नमुना आठला नाव कुणाचं? महाराष्ट्रात घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. घरकुलही बाईच्या किंवा दोघांच्या नावावरच मंजूर होते. ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि उतारा हातात घेऊन नाव वाचा. घरात हा विषय कसा काढायचा, ते तुम्ही माझ्यापेक्षा बरं जाणता. पण खोली वाढवताना काढायला सोपा जातो.

आमच्या आईची खोली पुढच्या वर्षी झाली, दुसऱ्या मिस्त्रीकडून. कागदावर त्याची सही, आईची सही आणि गटाच्या अध्यक्ष-सचिव काकूंच्या साक्षी. तो आधी हसला, मग म्हणाला, बरं झालं, मलाही लोक शेवटचे पैसे देत नाहीत.

त्याच कागदाचा कोरा नमुना मी प्रत्येक ग्रामसंघाच्या लिपिकेकडे दिला आहे. एकच पान आहे. प्रभागसंघाने शंभर फुटी दोन टेप घेतले आहेत, एक माझ्याकडे आणि एक कार्यालयात. ज्यांचं काम या धानानंतर निघणार आहे त्यांनी पुढच्या बैठकीत नाव सांगा. मी आणि एक रेजा काकू, दोघी मोजायला येतो.