'परवा या' म्हणायची सवय

तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी पासपोर्ट फोटोसाठी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारायचा, "आजच्या आज मिळेल का?" माझं उत्तर ठरलेलं, "परवा या." ३६ फोटोंचा रोल संपल्याशिवाय जिल्ह्याच्या लॅबला पाठवायचा कसा? तो प्रश्न मला कटकटीचा वाटायचा.

२००३ साली माझा मदतनीस म्हणाला, "काका, एक डिजिटल कॅमेरा आणि प्रिंटर घेऊ या." मी नमुन्याची प्रिंट निरखली आणि म्हटलं, "याला रोलची सर नाही." ते खरंही होतं. पण फॉर्म भरायची शेवटची तारीख गाठणाऱ्या मुलाला दहा मिनिटांत फोटो हवा होता. वर्षभरात त्या मदतनिसाने समोरच्याच गाळ्यात दुकान थाटलं. संधी रोज माझ्या काउंटरवर येत होती आणि मी तिला परवा यायला सांगत होतो!

अशी गफलत मोठमोठ्यांचीही होते. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तो टीव्हीवर पाहावा लागे. वरिष्ठांना प्रश्न पडला, टीव्हीवर फोटो पाहणार कोण? कमाई फिल्म आणि कागदावरची, त्यामुळे फोटो म्हणजे कागद हे डोक्यात पक्कं. पुढे कोडॅकनेही डिजिटल कॅमेरे विकले, पण फिल्मचा गेलेला धंदा भरून निघाला नाही. २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

मग अनुभव टाकून द्यायचा का? नाही. फुजीफिल्मने फिल्मसाठी लागणाऱ्या कोलॅजेनचं ज्ञान वापरून २००७ मध्ये 'अ‍ॅस्टालिफ्ट' ही त्वचेची प्रसाधनं जपानच्या बाजारात आणली. धंदा गेला तरी हातातली विद्या जात नाही. ती आणखी कुठे चालेल, एवढं शोधावं लागतं.

मला हे उशिरा उमगलं. मी काउंटरवर एक वही ठेवली. ज्या मागणीला तोंडातून "आपल्याकडे होत नाही" असं निघेल, ती लिहायची. महिनाभरात एकच मागणी पुन्हा पुन्हा दिसली. आई-वडिलांचा फाटका, डाग पडलेला फोटो नीट करून मिळेल का? निगेटिव्हवर पेन्सिलने, प्रिंटवर ब्रशने टचिंग करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली होती. आता ते कॉम्प्युटरवर शिकलो. शिकवलं त्याच मदतनिसाने! आज माझं घर त्यावर चालतं.

तुमच्याही दुकानात असा रोजचा एखादा प्रश्न येत असेल. उत्तर द्यायच्या आधी तो लिहून ठेवा.